कस्टमचा कागद

सावरटाकळीचं पोस्ट म्हणजे सोसायटीच्या इमारतीतलं एक टेबल. टेबलाला दोन खण. डाव्या खणात सोसायटीचे कागद, उजव्या खणात पोस्टाचे, आणि समोर खुर्चीवर बद्रीनाथ. सकाळी नऊ ते अकरा तो पोस्टमास्तर आणि अकरानंतर सोसायटीचा सेक्रेटरी. माणूस तोच, खुर्ची तीच. अकरा वाजले की नुसता खण बदलायचा.

बद्रीनाथच्या शिक्षणाची पहिली चार वर्षं निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत गेली. राज्य बदललं तशी शाळा मराठी झाली, आणि पुढं इंग्रजी घेऊन मॅट्रिक पास होणारा तो गावातला पहिला माणूस ठरला. घरची आठ एकर कोरडवाहू जमीन भाऊ बघायचा. बद्रीनाथला अभिमान होता तो टपालाचा. सिरसाळ्याचं मोठं पोस्ट गावापासून चार कोसांवर. तिथून डाकवाला आसाराम रोज पायी टपालाची थैली आणायचा. थैलीचं लाखेचं सील बद्रीनाथ स्वतः फोडायचा, प्रत्येक पत्राच्या पाठीवर तारखेचा शिक्का मारायचा आणि दुपारच्या आत पत्र ज्याचं त्याच्या हातात ठेवायचा. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवायचा. ऊसतोडीला गेलेल्यांची पत्रं घरी बायकांना वाचून दाखवताना कोणती ओळ जरा हळू वाचायची, हेही त्याला कळायचं. "बद्रीच्या हातात टपाल म्हंजे देवाच्या हातात," असं लोक म्हणत. ते कानावर आलं की तो मान खाली घालून हसायचा. पण ऐकायला त्याला आवडायचं.

त्र्याहत्तर साल उजाडलं तेव्हा गावात माणूस कमी आणि धूळ जास्त होती. कोयता धरणारे सगळे पश्चिमेकडच्या कारखान्यांवर गेले होते. उरलेले वडवणीच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फोडत होते आणि संध्याकाळी रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी खात होते. गावच्या सगळ्या विहिरी आटल्या होत्या. नदीच्या कोरड्या पात्रातली एकच विहीर तग धरून होती, आणि तिच्याही तळाला बाया वाटीवाटीनं पाणी भरत. आणखी दोन पुरुष खोल गेलं तर खाली मोठा झरा लागेल, असं जाणते सांगत. पण खोदायला लागलं की झिरपणारं पाणी खोदणाऱ्यांच्या कमरेपर्यंत चढायचं. ते उपसायला इंजिन पाहिजे. इंजिन होतं: सोसायटीनं जुनं, वापरलेलं डिझेल इंजिन घेतलेलं होतं. ते घेतल्यापासून बंद होतं. मिस्त्री शोधायला माणूस परळीला दोनदा गेला आणि दोनदा हात हलवत आला. सगळे मिस्त्री सगळ्या गावांना हवे होते.

अशात जानेवारीत एका दुपारी गावाबाहेरच्या सडकेवर एक निळी, डब्यासारखी गाडी कडकड आवाज करत बंद पडली. तिच्यातून एक उंच गोरा माणूस आणि त्याची बायको उतरली. माणसाचं नाव हेंक, बाईचं आन्नके. दोघं हॉलंडहून निघालेले. तुर्कस्तान, इराण, काबूल करत, समुद्र न ओलांडता जमिनीवरून इथवर आलेले. वेरूळची लेणी बघून हैदराबादेकडं निघाले होते, पुढं मद्रास आणि शेवटी नेपाळ. गाडीच्या गिअरच्या पेटीतलं दातेरी चाक फुटलं होतं. तसलं चाक अख्ख्या मुलखात मिळणार नव्हतं. ते हॉलंडहूनच यायला हवं होतं.

सोसायटीचे चेअरमन सुंदरराव. गावातले मोठे जमीनदार, तालुक्याच्या राजकारणात उठबस असलेले. त्यांनी बैलं जुंपून गाडी गावात ओढून आणवली आणि सोसायटीचं बियाण्याचं गोदाम त्या दोघांना राहायला दिलं. बियाणं नव्हतंच, त्यामुळे गोदाम रिकामंच होतं. गावात इंग्रजी समजणारा एकटा बद्रीनाथ. म्हणून पाहुण्यांची सगळी जबाबदारी आपोआप त्याच्यावर आली.

हेंकनं भावाला पत्र लिहिलं ते बद्रीनाथच्या टेबलावर बसूनच. चाक विमानाच्या टपालानं पाठव. पार्सलवर लिही की हा वाटसरूच्या गाडीचा सुटा भाग आहे, विक्रीचा माल नाही. आत काय काय आहे त्याची यादी वर चिकटव. त्याच पार्सलात आन्नकेचा नवा चष्मा घाल. तिचा चष्मा काबूलच्या अलीकडं घाटात पडून फुटला होता, आणि चष्म्याशिवाय तिला हातभर अंतरापलीकडचं सगळं धुकं दिसायचं. गावातल्या बाया आधी हसल्या. मग बद्रीनाथची बायको केसरबाई हिनं एक दिवस तिचा हात धरला आणि तिला नदीवर नेलं, तेव्हापासून ती रोज केसरबाईचा हात धरूनच हिंडायला लागली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण दोघी दिवसभर बोलत असायच्या.

"दुसऱ्याच्या देशात पार्सल सोडवणं ही एक वेगळीच विद्या आहे," हेंकनं बद्रीनाथला सांगितलं. "इस्तंबूलला मी दोन दिवस रांगेत उभा होतो. तेहरानला तीन दिवस. त्यांनी चीजसुद्धा मधोमध कापून बघितलं. पार्सल आलं की कस्टमवाले पत्ता असलेल्याला कागद पाठवतात: ये, पासपोर्ट दाखव, गाडीचे कागद दाखव आणि घेऊन जा. त्याला मुदत असते. मुदत गेली की पार्सल परत. तेव्हा तो कागद वेळेवर हातात पडला की अर्धं काम झालं."

"कागद माझ्याकडे येईल," बद्रीनाथ आपल्या जपून जपून बोलायच्या इंग्रजीत म्हणाला, "आणि त्याच दिवशी तुमच्या हातात पडेल. हा माझा शब्द."

पत्त्यात हेंकनं आपल्या नावाखाली लिहिलं: मार्फत पोस्टमास्तर, सावरटाकळी. तो पत्ता बद्रीनाथनं दोनदा वाचला आणि घरी जाऊन केसरबाईलाही सांगितला.

वाट बघण्यात दिवस जायला लागले. रिकामं बसणं हेंकच्या रक्तात नव्हतं. त्याच्या देशात समुद्राचं पाणी जमिनीवर येऊ नये म्हणून रात्रंदिवस पंप चालतात, आणि तो तशाच पंपांवर कामाला होता. सोसायटीच्या ओसरीतलं गंजलेलं इंजिन त्यानं बघितलं आणि बाह्या सरसावल्या. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ओसरीत ताडपत्री अंथरली गेली आणि इंजिनाचा एकेक तुकडा सुटून तिच्यावर मांडला गेला. अख्खं गाव येऊन ते बघून जायचं.

चोवीस फेब्रुवारी, शनिवार. आसारामनं थैली आणून टेबलावर ठेवली आणि तो बाहेर ओट्यावर पाणी प्यायला बसला. बद्रीनाथनं सील फोडलं. सात-आठ पत्रं आणि एक लांब खाकी लिफाफा. मुंबईच्या कस्टमचा. लिफाफा उघडाच होता, आत छापील कागद. बद्रीनाथनं वाचला आणि त्याला इतका आनंद झाला की शिक्का मारायचंही राहिलं.

त्याच वेळी सुंदरराव दारातून आत आले. "काय रे बद्री, काय गावलं?"

"आण्णा, आला की कागद! पार्सल मुंबईला येऊन पडलंय. कागदाच्या तारखेपासून पंधरा दिवसांत जाऊन सोडवायचं."

सुंदरराव बाकावर बसले. थोडा वेळ त्यांनी बाहेर ओसरीत उकिडवं बसून लोखंड पुसणाऱ्या हेंककडं बघितलं. मग उठून दार लोटून घेतलं.

"म्हंजे ह्यो कागद दिला की उद्या गोरा मुंबईला."

"व्हय."

"आन इंजिन?"

बद्रीनाथनं कागद घडी करून लिफाफ्यात घातला.

"त्याचे तुकडे आपल्यात कुनाला जोडता येत्यात? तुला येत्यात? तो जाईल, चाक घेऊन येईल, गाडी नीट करंल. मग कावून थांबंल तो? त्याची काय सोयरीक हाय हितं?"

"पर आण्णा, पोस्टाचं हाय."

"मी कुटं म्हनतो फाडून टाक? चार दिवस राहू दे खणात. पंधरा दिवसांची मुदत हाय ना? चार दिवसानं काय आभाळ कोसळतंय का? बाया वाटीवाटीनं पानी भरत्यात, बद्री. तुझीबी बायको भरती."

सुंदरराव एवढं बोलून निघून गेले. त्यांनी दरडावलं नव्हतं, शपथ घातली नव्हती. पुढं आयुष्यभर बद्रीनाथ हे स्वतःला सांगत राहिला, की त्या वेळी खोलीत तो एकटाच होता. त्यानं बाकीच्या सात पत्रांवर शिक्के मारले. खाकी लिफाफ्यावर मारला नाही. पोस्टाचा खण त्याला उघडवला नाही. त्यानं डावा, सोसायटीचा खण उघडला आणि लिफाफा तळाशी सरकवला.

तो बाहेर आला तसं हेंकनं काळ्या हातानं कपाळ पुसत विचारलं, "आज काही?"

"आज नाही," बद्रीनाथ म्हणाला.

त्याला वाटलं होतं पहिलंच खोटं तेवढं जड जाईल. पण हेंक रोज विचारायचा. रविवार सोडून रोज. "आज काही?" आणि रोज बद्रीनाथला नव्यानं "नाही" म्हणावं लागायचं. चौथ्या दिवशी कळलं की इंजिनाच्या आतली एक कडी झिजलेली आहे. ती आणायला माणूस परळीला गेला, तिथं मिळाली नाही, मग लातूरला गेला. चाराचे सहा दिवस झाले. बद्रीनाथनं सुंदररावांना गाठून सांगितलं, "आण्णा, आता देतो कागद." सुंदरराव म्हणाले, "कडी येऊ दे, मग दे. एका दिवसानं काय व्हतंय?" आणि बद्रीनाथ परतला. त्याला सुंदररावांचा राग आला नाही. आपल्याला कुणीतरी थांबवावं म्हणूनच आपण विचारायला गेलो होतो की काय, अशी शंका त्याला आली आणि ती त्यानं झटकून टाकली.

त्याच आठवड्यात आन्नके पडली. केसरबाईच्या डोक्यावर घागर होती म्हणून तिनं हात सोडला होता, तेवढ्यात. विहिरीच्या शेवटच्या तीन पायऱ्या ओल्या होत्या, आणि तिला त्या दिसल्याच नाहीत. उजव्या हाताचं मनगट मोडलं. बैलगाडीत घालून सडकेला, तिथून एसटीनं अंबाजोगाईला नेऊन प्लास्टर घालून आणलं. केसरबाईनं दोन दिवस जेवण घेतलं नाही. "मी हात सोडायला नगं व्हता," एवढंच ती म्हणत राहिली. बद्रीनाथ तिच्यासमोर बसून ऐकत होता. आन्नकेचा चष्मा मुंबईत एका पेटीत पडून आहे आणि ती पेटी सोडवायचा कागद माझ्या खणात आहे, हे त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तो उठून अंगणात गेला.

पाच मार्चला, सोमवारी सकाळी, इंजिन सुरू झालं. आधी काळ्या धुराचा एक लोट, मग खोकल्यासारखे चार-पाच आवाज आणि मग एकसारखी धडधड. लोकांनी हेंकला खांद्यावर घेतलं. सुंदररावांनी त्याला फेटा बांधला. दुसऱ्या दिवशीपासून खोदणारे विहिरीत उतरणार होते. सगळे हसत होते, आणि त्या गर्दीतून हेंकनं बद्रीनाथकडं बघून भुवया उंचावल्या: आज काही?

बद्रीनाथनं मान हलवली. नाही.

त्या दिवशी तरी द्यायचा! पण फेटा बांधलेल्या माणसाच्या हातात तो कागद द्यायचं त्याला धाडस झालं नाही. सहा तारखेला सकाळी त्यानं लिफाफा खणातून काढला, पोस्टाच्या शिक्क्यात त्या दिवसाची तारीख बसवली आणि लिफाफ्याच्या पाठीवर शिक्का मारला. मारल्यावर त्याचं लक्ष गेलं. बाजूलाच सिरसाळ्याचा शिक्का होता, स्वच्छ, ठसठशीत: चोवीस फेब्रुवारी. बद्रीनाथनं लिफाफा उलटा केला, पत्त्याची बाजू वर धरली आणि तसाच हेंकच्या हातात दिला.

हेंकनं आतली तारीख वाचली, बोटांवर दिवस मोजले आणि त्याचा चेहरा उतरला. "मुदत आज संपते!"

तो तसाच निघाला. खडीच्या ट्रकवरून परळी, तिथून रेल्वे. आठ तारखेला मुंबईच्या खिडकीवर पोचला, तर पार्सल आदल्या दिवशीच परत निघालं होतं. तिथल्या कारकुनानं वही उघडून दाखवली: आम्ही कागद एकोणीस फेब्रुवारीला टाकला. पंधरा दिवस आणि वर एक दिवस थांबलो. त्यात त्याची काही चूक नव्हती. परतीच्या गाडीत हेंकनं लिफाफा उलटून पाहिला.

तो गावात परतला तेव्हा सोसायटीच्या ओट्यावर बद्रीनाथ, सुंदरराव, चार गावकरी आणि नुकताच थैली टाकून टेकलेला आसाराम, एवढी माणसं होती. हेंकनं लिफाफा बद्रीनाथसमोर धरला आणि एका शिक्क्यावरून दुसऱ्या शिक्क्यावर बोट नेलं.

"सिरसाळा, चोवीस फेब्रुवारी. सावरटाकळी, सहा मार्च. चार कोसांना दहा दिवस कसे लागले?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

बद्रीनाथनं आसारामकडं बघितलं. आणि मग, आपण काय बोलतोय हे ऐकू येईपर्यंत, तो बोलून गेला होता: "थैली हा आसाराम आणतो. वाटेत... त्याच्याकडं राहिलं असेल."

"काय म्हनतोय त्यो?" सुंदररावांनी विचारलं. बद्रीनाथनं मराठीत सांगितलं. सुंदररावांना सगळं ठाऊक होतं. एक क्षण त्यांनी बद्रीनाथकडं रोखून बघितलं. मग ते आसारामकडं वळले. "का बे आसाऱ्या? सरकारी कागद दहा दिस कुटं ठिवलता?"

आसाराम उठून उभा राहिला. साठीला आलेला माणूस. थैली बंद असते, सील सिरसाळ्याला लागतं आणि इथं फुटतं, मधे पत्र राहणार कसं, एवढं साधं तो बोलला असता तरी पुरलं असतं. पण त्याला ते सुचलं नाही. साहेब, मास्तर आणि चेअरमन तिघंही म्हणतात म्हणजे आपल्या हातूनच काही झालं असणार, असं त्याला वाटलं.

"ध्यानात न्हाई, मालक," तो म्हणाला. "मधी दोन दिस तापानं पडलतो. पोराच्या मामाला धाडलतं थैली आनाया. राह्यलं असंल त्यात कुटं." आणि तो पुढं गेला, आणि हेंकच्या धुळीनं भरलेल्या बुटांवर त्यानं डोकं टेकलं. "चुकलं, साहेब. माफी करा. नोकरी घेऊ नका."

हेंक दोन पावलं मागं सरकला. त्यानं आसारामला दंडाला धरून उठवलं आणि बद्रीनाथकडं पाहिलं. बद्रीनाथ ओट्याच्या कडेकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडायच्या आधी बद्रीनाथ गोदामावर गेला. आन्नके दारात दगडावर बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून. हेंक आत कपडे गुंडाळत होता. बद्रीनाथनं रात्रभर इंग्रजी वाक्यं जुळवली होती. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यानं ती एकामागून एक म्हटली. कागद चोवीसलाच आला. मी ठेवला. इंजिनासाठी ठेवला. आसारामची चूक नाही. माझी.

हेंकनं हातातला कपडा खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, "तुला काय वाटलं? कागद मिळाला की मी इंजिन तसंच टाकून पळेन?"

"हो," बद्रीनाथ म्हणाला.

"मुदत संपायच्या आत मुंबईला एक पत्र पोचलं असतं तर त्यांनी पार्सल महिनाभर ठेवलं असतं. तेहरानला मी तेच केलं होतं. तू मला नुसतं विचारायचं होतंस. मी राहिलो असतो." तो थांबला. "मी राहणारच होतो, बद्रीनाथ."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बद्रीनाथला सोसलं असतं. हे सोसेना. दीड महिना आपल्या ताटात जेवलेल्या माणसाला आपण ओळखलं नाही. पाहुणा संधी मिळताच पळेल असं धरून चाललो, आणि पळपुटेपणा सगळा आपल्याच पदरात होता. त्यानं आन्नकेकडं पाहून हात जोडले. तिनं आपल्या भाषेत नवऱ्याला काहीतरी विचारलं, त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. तिनं बद्रीनाथच्या आवाजाच्या दिशेनं एकदा बघितलं, उठली आणि भिंत चाचपडत आत गेली. ती परत बाहेर आली नाही.

नवं पार्सल मागवायला महिना लागला असता आणि गाडीला देशात राहायची परवानगी तेवढी उरली नव्हती. निळी गाडी ट्रकवर चढवून मुंबईला नेली. नेपाळ राहिलं. निघताना हेंकनं खोदणाऱ्यांना इंजिन कसं पुसायचं, तेल कधी बदलायचं ते पुन्हा एकदा दाखवलं. बद्रीनाथला मध्ये घेऊन, एकेक वाक्य मराठीत करायला लावून. त्यापलीकडं तो त्याच्याशी बोलला नाही. आन्नकेनं केसरबाईला मिठी मारली. केसरबाई रडली. बद्रीनाथनं घरी तिला आदल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, आणि तिनं ऐकून घेऊन चुलीतलं लाकूड पुढं सारलं होतं, एवढंच.

मग तो आसारामकडं गेला. आसारामच्या झोपडीपुढं उकिडवं बसून त्यानं तेच सगळं मराठीत सांगितलं, जे इंग्रजीपेक्षा फार अवघड गेलं. आसाराम ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मास्तर, मला खरंच वाटलं माझ्याच हातून झालं. मी चार दिस वाटंनं झुडपं धुंडाळीत गेलतो, अजून काय सांडलंय का म्हून." थोडं थांबून तो म्हणाला, "तुमी सांगितलं, बरं झालं. पर मी त्या गोऱ्याच्या पायावर डोकं ठिवलं ना. ते आता माघारी कसं घ्यायचं?"

बद्रीनाथ उठून घरी आला.

त्यानं टपाल खात्याला दरखास्त लिहिली. काय केलं, कोणत्या तारखेला केलं, शिक्का कसा मारला, सगळं. सुंदररावांना कळलं तसे ते चिडून आले. "याड लागलं का बे तुला? विहिरीला पानी लागलं. गाव पानी पितंय. कुनी तक्रार केली न्हाई, गोरा गुमान गेला. मग तू कावून बोंबलतोस?"

"आण्णा, तुमचं नाव न्हाई घातलं त्यात."

"माझ्या नावाचं म्हनत न्हाई मी!" सुंदरराव म्हणाले. पण आवाज जरा खाली आला.

दरखास्त गेली. चौकशीला अधिकारी आला, दोन तास बसला, जबाब घेतला. जाताना म्हणाला, "तुम्ही लिहिलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं." महिन्याभरात पोस्ट बद्रीनाथकडून निघालं आणि गावातल्या धर्मराजच्या किराणा दुकानात गेलं. शिक्का आणि शाईची गादी त्यानं स्वतः पुसून सोपवली आणि उजवा खण रिकामा केला. आसारामचं काम तसंच राहिलं. लोकांचं मात्र एकमत झालं की बद्रीनाथ शिकलेला आहे, पण त्याला व्यवहार कळत नाही.

सोसायटीचं सेक्रेटरीपण त्याच्याकडं राहिलं. त्यानं हॉलंडला तीन पत्रं लिहिली, हेंकच्या भावाच्या पत्त्यावर. एकाचंही उत्तर आलं नाही. उत्तर यावं असं आपण काय केलं होतं, असं तो स्वतःलाच म्हणायचा. तरी पहिली दोन-तीन वर्षं धर्मराजच्या दुकानावरून जाताना त्याची चाल आपोआप मंदावायची.

सत्त्याऐंशी साली पुन्हा पाऊस हुकला होता. तरीही सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणून सभा झाली. मंडप घातला, तालुक्याचे पुढारी आले. आसाराम तोवर वारला होता. म्हाताऱ्या सुंदररावांना खुर्चीसकट आणून बसवलं होतं, आणि त्यांच्या मुलानं, त्रिंबकनं, भाषण केलं. "बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात," तो म्हणाला, "एका परदेशी पाहुण्याला या गावानं इतका लळा लावला की तो स्वतःचं काम सोडून दोन महिने इथं राहिला आणि आपलं इंजिन चालू करून गेला!" टाळ्या पडल्या.

बद्रीनाथ मंचाच्या कडेला इतिवृत्ताची वही घेऊन बसला होता. तो उठला आणि ध्वनिक्षेपकापाशी गेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"लळा लावला न्हाई," तो म्हणाला. "पाहुन्याचा कागद मी खणात दडवला." आणि त्यानं पहिल्यापासून सांगितलं. आन्नकेचा हात सांगितला. आसाराम कुणाच्या पायावर डोकं ठेवून उठला ते सांगितलं. सुंदररावांचं नाव त्यानं तेव्हाही घेतलं नाही.

मग मागच्या बाजूनं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "वा रे पठ्ठे! बद्रीआबानं गोऱ्यालाच चितपट केलं की!" आणि सगळा मंडप हसला. आधीच्यापेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. पुढारी हसत हसत उठले, त्यांनी बद्रीनाथच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला. त्रिंबकनं ध्वनिक्षेपक घेऊन पुकारलं, "असे सेक्रेटरी आपल्याला लाभले!" सुंदरराव खुर्चीत मान खाली घालून बसले होते, ते हसले की नाही ते कुणाला दिसलं नाही.

बद्रीनाथला हार काढायचं सुचलं नाही. तो तसाच खाली उतरला. बायांच्या बाजूनं केसरबाई उठून आली आणि त्याच्याबरोबर चालायला लागली. नदीच्या बाजूचा रस्ता धरून दोघं घराकडं निघाले.

"आता फिरून कुनाला सांगू नका," केसरबाई शेवटी म्हणाली. "त्येंला हसू येतं."